सातेरीचं इंजिन

वाघवण्याच्या बंदरात पवनचक्कीचं पहिलं पातं आलं, तेव्हा सगळं गाव बघायला लोटलं होतं. एकशे वीस मीटर लांब, पांढरंशुभ्र पातं. जेटीवर आडवं ठेवलं तर त्याच्या सावलीत रापणीचं, म्हणजे गावाने मिळून किनाऱ्यावर ओढायचं, अख्खं जाळं वाळत घालता आलं असतं. रापण संघाचे जनातात्या सारंग म्हणाले होते की हे एक पातं उचलायला आपल्या तेवीसच्या तेवीस होड्या लागतील आणि तरी तात्या सारंगालाच पाण्यात उतरून खालून खांदा द्यावा लागेल. लोक हसले होते. मीही त्यांच्यात उभी राहून हसले होते.

आता ती पाती कोणी वळून बघत नाही. खाडीचं तोंड ड्रेजरने तेरा मीटर खोल केलं. जिथे रापण ओढली जायची त्या वाळूवर काँक्रीटचं मैदान झालं आणि तिथे पवनचक्क्यांचे तरते पाये जोडले जातात. एकेक पाया म्हणजे पिवळ्या रंगाचा तीन खांबांचा त्रिकोण, आमच्या शाळेच्या इमारतीपेक्षा उंच. भरतीला तीन टगबोटी तो ओढत समुद्रात नेतात. तिथून तीस किलोमीटरवर खोल पाण्यात पवनचक्क्या उभ्या आहेत. उभ्या म्हणायचं एवढंच, खरं तर साखळ्यांनी बांधलेल्या तरंगतात.

मी विशाखा कोयंडे, भिकाजी कोयंड्यांची मुलगी. भौतिकशास्त्रात एमएस्सी केलं आणि कंपनीच्या केबल डेस्कवर लागले. गावातली मी एकटीच त्या काचेच्या इमारतीत कामाला आहे. माझं काम ऐकण्याचं.

पवनचक्क्यांची वीज समुद्रतळावरून एका केबलने बंदरात येते. त्या केबलच्या पोटात, तांब्याच्या तीन जाड तारांच्या बेचक्यात, केसाएवढी बारीक काचेची तार असते. काच कितीही शुद्ध असली तरी तिच्यात जागोजागी किंचित विषमता राहतेच. किनाऱ्यावरून लेझरचा एक स्पंद सोडला की त्या प्रत्येक जागेवरून थोडासा प्रकाश मागे परततो. किती वेळाने परतला यावरून तो कुठून आला ते कळतं. समुद्रतळ जरासा जरी थरथरला तरी काच तिथे ताणली जाते, आणि परतणाऱ्या प्रकाशात तो ताण उमटतो. आमच्या यंत्राला दर आठ मीटरला असा एक कान आहे. एकतीस किलोमीटरच्या केबलवर जवळजवळ चार हजार कान होतात.

ही सोय मुळात केबलच्या रक्षणासाठी होती. कुणी वर नांगर टाकला, ट्रॉलरच्या जाळ्याची फळी घासली, तर लगेच कळावं म्हणून. पण कान उघडा ठेवला की ऐकायचं तेवढंच ऐकू येत नाही. ढोमा माशांचे थवे संध्याकाळी घुमतात, ते ऐकू येतं. आणि प्रत्येक होडीचं इंजिन ऐकू येतं. एका सिलिंडरच्या डिझेल इंजिनाचे ठोके, गिअरचा झिजलेला दात, पाण्याखालच्या पंख्याचं जरासं वाकलेलं पातं, या सगळ्यांचा मिळून एक ठसा तयार होतो आणि तो दुसऱ्या इंजिनाशी जुळत नाही. यंत्र एका हंगामात आमच्या गावच्या तेवीसही होड्या नावानिशी ओळखायला शिकलं.

केबलच्या दोन्ही बाजूंना पाचशे मीटर मासेमारी बंद आहे. अडचण अशी की केबलवर दगडांचं आच्छादन घातलेलं आहे, आणि दगड म्हटले की शेवाळ, शिंपले आणि त्यांच्यामागून मासे येतातच. जवळची जुनी जागा ड्रेजिंगमध्ये गेली. उरलेले मासे बरोब्बर बंदी असलेल्या पट्ट्यावर जमले. मग होड्याही तिथे जाणारच. तीन वेळा सापडलं की होडीचा जेटीचा पास रद्द होतो, आणि पास नाही तर बर्फ नाही, डिझेल नाही, मासळी उतरवायला जागा नाही.

यंत्र नाव सांगतं, पण माणसाने तपासून 'मान्य' केल्याशिवाय नोटीस निघत नाही. पहिली नोटीस जनातात्यांच्या होडीला निघाली. मान्य मी केलं होतं. दुसरी आणि तिसरीही. तपासायला काही उरलंच नव्हतं, आवाज त्यांचाच होता.

तात्यांचा पास गेला त्या आठवड्यात देवळात गाऱ्हाणं घातलं गेलं. तात्यांनी स्वतःच घातलं. मी नव्हते, पण शब्द कानावर आले. केबलवालीक गावातलो एक शब्द मिळाचो नाय, ना चांगलो ना वाईट, अशी बुद्धी सगळ्यांका दी रे म्हाराजा. आणि सगळे पुरुष म्हणाले, व्हय म्हाराजा. माझे बाबाही म्हणाले. बाबांचे गुडघे गेल्यापासून ते समुद्रावर जात नाहीत, पण रापण संघात त्यांचा वाटा अजून आहे आणि वाटा असलेल्याला व्हय म्हणावंच लागतं.

शब्दाला गाव पक्कं निघालं. दुकानात मी सामान दाखवायचे, दुकानदार पुढे सरकवायचा. वाटेत बायका बोलता बोलता थांबायच्या आणि मी गेल्यावर तिथूनच पुढे सुरू करायच्या. घरी आई नाही. असती तर बाबा तिच्यामार्फत बोलले असते. ते मांजराशी बोलायचे. "जेवान झाकून ठेवलेला आसा, कोणाक व्हया तर," असं मांजराला सांगून निजायला जायचे. मांजर माझ्याकडे बघायचं. पहिल्यांदा मला हसू आलं होतं.

दिवसभर मात्र मी त्यांना ऐकत असे. पहाटे कोण आधी निघालं, कुणाचं इंजिन गार पडलंय, वाटेत कुणी कुणाजवळ होडी थांबवून वेळ घालवला. कंपनीला त्याच्याशी देणंघेणं नव्हतं. मला हे ऐकायची सवय लागली होती.

नारळी पौर्णिमेनंतर नवा हंगाम सुरू झाला आणि पहिल्याच आठवड्यात यंत्राने 'सातेरी' ही होडी बंदी पट्ट्यात दाखवली. त्याच वेळी जेटीवरच्या कॅमेऱ्यात 'सातेरी' बांधलेली होती आणि तिचा मालक तीत बसून भाकरी खात होता. संघाने लगेच तक्रार केली. यंत्र खोटं बोलतं, आमच्या जुन्या नोटिसा मागे घ्या. पुढच्या आठवड्यात 'जयगणेश'चं तसंच झालं, मग आणखी एकीचं.

मी तो आवाज दोन दिवस उलटसुलट ऐकला. ठसा निःसंशय सातेरीच्या इंजिनाचाच होता. पण होडी किती वेगाने एका कानावरून दुसऱ्या कानावर जाते हेही केबल सांगते. पंखा तेवढेच फेरे घेत होता आणि होडी मात्र नेहमीपेक्षा बरीच सावकाश सरकत होती. म्हणजे तेच इंजिन जास्त जड होडी ढकलत होतं.

मग उलगडा झाला. त्यांनी गिअर-पंख्यासकट इंजिनांची अदलाबदल केली होती. रापणीत जाळं एकाचं नसतं, दोर एकाचा नसतो, मासळीचे वाटे पडतात. तीच रीत त्यांनी इंजिनांना लावली होती. आज हे याच्या होडीत, आठवड्याने ते त्याच्या. समुद्रात कोणीही सापडो, ज्याचं नाव येईल तो जेटीवर कॅमेऱ्यासमोर बसलेला असणार. युक्ती साधी होती आणि माझ्या यंत्राचं मर्म तिने अचूक धरलं होतं.

प्रत्येक तक्रारीवर मला अभिप्राय लिहायचा होता. मी लिहिलं, 'यंत्राची चूक'. दर वेळी तेच लिहिलं. कुठल्या होडीत कुणाचं इंजिन आहे हे वेगाच्या आकड्यांवरून मी बसून शोधू शकले असते. मुद्दाम शोधलं नाही. माहीत नसलेलं सांगावं लागत नाही. तात्यांच्या तिन्ही नोटिसा रद्द झाल्या, पास परत मिळाला. त्या संध्याकाळी जेटीवर फटाके लावले. मी कार्यालयाच्या खिडकीतून ते बघितले. कुणी वर बघितलं नाही, बघायचं त्यांना कारणही नव्हतं.

ऑक्टोबरात परतीच्या पावसाचे दिवस होते. त्या दुपारी भरतीला नववा पाया बाहेर निघाला. आकाश काळं झालं होतं, वीज चमकत होती, त्यामुळे ड्रोन उडवता येत नव्हते, आणि रडारवर पावसाच्या ठिपक्यांत छोटी होडी वेगळी काढणं अशक्य होतं. मी केबल ऐकत होते. सहाव्या किलोमीटरवर, जिथे पायाचा मार्ग केबलला ओलांडतो, तिथे सातेरीचं इंजिन वाजत होतं. अचानक आवाज चढला आणि तुटला. बंद केलेलं इंजिन उतरत उतरत थांबतं. हे एका झटक्यात थांबलं. पंख्यात जाळं अडकलं होतं. मग साखळीचा खळखळाट झाला, नांगर तळाला लागला आणि दगडांवरून फरफटत जाऊ लागला.

टगबोटी पुढे, पाया मागे, आणि त्यांच्यामध्ये पाचशे मीटर पोलादी वायर, निम्मी पाण्याखाली. बंद पडलेली होडी त्या वायरवर आली तर चिरली जाते. पाऊण तासात ते तिथे पोहोचणार होते.

मी वर नियंत्रण कक्षात गेले. पोहनकर मॅडम नागपूरच्या, बंदराच्या वाहतुकीच्या प्रमुख. आवाज न चढवता बोलणारी, न्यायाने वागणारी बाई. त्यांनी ऐकून घेतलं आणि पडद्यावर जेटी उघडली. सातेरी बांधलेली होती. मालक छत्री धरून तीत बसला होता.

"हे बघ," त्या म्हणाल्या. "गेल्या दोन महिन्यांत हेच चाललंय. आणि चूक यंत्राची आहे, असं तूच लिहून दिलंयस."

मी म्हणाले की या वेळी चूक नाही. गस्तीची बोट पुढे पाठवून बघा. त्या म्हणाल्या की गस्तीची बोट टगच्या पुढेच ठेवावी लागते. तिला बाजूला धाडायचं तर पायाचा वेग उतरवायचा, आणि पाया ओहोटीच्या आत खोल केलेल्या चॅनेलबाहेर पडला नाही तर गाळात बसेल.

"मी थांबवीन. पण कारण दे. या वेळीच यंत्र खरं कसं?"

कारण माझ्याकडे होतं. मी त्यांना जरा थांबायला सांगून जेटीवर पळाले. होडीत कोण आहे ते कळलं, तर फोन करता येईल, किंवा गावातली दुसरी होडी जाऊन त्यांना ओढून आणील, आणि वर कुणाला काही सांगावं लागणार नाही, असं मला वाटलं होतं.

बर्फाच्या कारखान्याच्या पत्र्याखाली दहा-बाराजण जाळी दुरुस्त करत बसले होते. मध्ये तात्या. एका कडेला बाबा. मी भिजून त्यांच्यासमोर उभी राहिले आणि सांगितलं की सातेरीचं इंजिन बंद पडलंय, होडी पायाच्या वाटेवर आहे.

कुणी मान वर केली नाही. एकाने शेजाऱ्याला सांगितलं, "सातेरी ती काय, थंय आसा. मशीन खुळावला हेंचा." दोघे हसले.

"माका म्हायत आसा ती सातेरी नाय," मी म्हणाले. "इंजिन तिचा, होडी दुसऱ्या कोणाची तरी. नाव सांगू नकात. फक्त फोन करा तेंका."

हसणं थांबलं. आता सगळे माझ्याकडे बघत होते, आणि त्या बघण्यात मला भीती दिसली. दोन महिने ज्यावर सगळ्यांचे पास टिकले होते ते केबलवालीने उघड बोलून दाखवलं होतं. हा सापळा नाही कशावरून? त्यांच्या जागी मीही हाच विचार केला असता.

तात्या उठले. खिशात हात घालून कारखान्यामागे गेले. पावसातून त्यांची पाठ दिसत होती, फोन कानाला लावलेली. त्यांनी एकदा लावला, परत लावला, आणखी एकदा लावला. परत आले तेव्हा त्यांचा चेहरा पिठासारखा झाला होता. ते आपल्या जागी बसले, जाळ्याची सुई हातात घेतली, आणि ती तशीच धरून राहिले.

त्यांचा मुलगा हेमू शाळेत माझ्या पुढच्या वर्गात होता. तो त्या पत्र्याखाली नव्हता.

तात्यांनी माझ्याकडे बघितलं. ओठ हलले. तेवीस होड्यांचं गुपित त्या तोंडात होतं, आणि गाऱ्हाणं त्यांनीच घातलेलं होतं. बाबा जमिनीकडे बघत होते. मी आणखी थोडं थांबले. मग परत पळाले.

वर येऊन मी मॅडमना सगळं सांगितलं. इंजिनं बदलतात. यंत्र पहिल्यापासून बरोबर आहे. मला हंगामाच्या सुरुवातीपासून माहीत आहे. बाहेर होडी आहे आणि तीत माणसं आहेत.

मॅडमनी रेडिओ उचलला. पायाचा वेग उतरवा, गस्तीची बोट पुढे काढा, वायर आखडा. टगचा कॅप्टन काहीतरी बोलला, त्यावर त्या म्हणाल्या की गाळात बसला तर बसू दे.

मी खाली डेस्कवर आले, कारण दुसरं कुठे जाणार? टगबोटींचे आवाज इतके मोठे होते की बाकी काही वेगळं काढणं कठीण होतं. गस्तीच्या बोटीची दोन इंजिनं पुढे पळाली आणि एका जागी मंद झाली. मग लाकूड मोडल्यासारखा एक आवाज आला. थोड्या वेळाने तळावर काहीतरी जड बसल्याचा ठोका उमटला. इंजिन. केबल माणसांचं बोलणं ऐकत नाही, पोहणं ऐकत नाही. होडी बुडाली हे मला सगळ्यांच्या आधी कळलं आणि माणसांचं काय झालं ते कळत नव्हतं.

रेडिओवरून वरच्या मजल्यावर निरोप आला. दोघे सापडले. हेमूचं कॉलरचं हाड मोडलं होतं, दुसऱ्याला खरचटलं होतं. ओढत्या वायरने कापलं जाणारं पाणी दिसताच त्यांनी स्वतःच उड्या टाकल्या होत्या.

पाया गाळात बसला नाही, थोडक्यात वाचला. गावाचं बाकी काही वाचलं नाही. दुसऱ्या दिवशी चौकशी लागली. सगळ्या होड्यांची इंजिनं तपासून त्यांना सील लावलं. रद्द केलेल्या नोटिसा पुन्हा जिवंत झाल्या, तेवीसांपैकी सोळा पास गेले. मॅडमनी मला बोलावून घेतलं. नोकरी जाऊ नये म्हणून त्या बऱ्याच भांडल्या होत्या. गुजरातच्या किनाऱ्यावर नवी केबल टाकतायत, तिकडे बदली झाली. निघताना म्हणाल्या, "मला सांगायचंस. काहीतरी वाट काढली असती." त्यांनी ते मनापासून म्हटलं, आणि कदाचित काढलीही असती.

शेवटच्या आठवड्यात मी डेस्कवर बसून ऐकायचे. एकतीस किलोमीटरवर एकही ओळखीचं इंजिन नव्हतं; उरलेल्या सात होड्याही चौकशी संपेपर्यंत बांधून ठेवल्या होत्या. पवनचक्क्यांच्या साखळ्या करकरायच्या, मोठी जहाजं लांबून घुमत जायची. ढोमे संध्याकाळी घुमायचे, आता पुष्कळ जास्त, कारण त्यांना पकडायला कोणी नव्हतं.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी मी बॅग भरत होते. ओसरीवर चपला वाजल्या. तात्या आले होते. बाबा झोपाळ्यावर बसले होते, ते उठून उभे राहिले. तात्या पायरीवरच टेकले. मी तांब्या आणला, तो त्यांनी घेतला आणि पाणी प्यायले. माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं.

"तुका कधीपास्ना म्हायत होता, गो?"

"पुनवेपास्ना."

"म्हणजे आमची तक्रार... तां तूच लिवलंस? मशीनची चूक म्हणान?"

"व्हय."

तात्यांनी तांब्या खाली ठेवला. तो नीट बसला नाही, कलंडला, उरलेलं पाणी पायरीवरून खाली गेलं. ते तिकडेच बघत राहिले.

"मगे बोललंस कित्याक नाय?" ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. त्यांना खरंच कळत नव्हतं. "एक शबुद. आमच्याकडे येवन एक शबुद बोललंस असतंस, तर आमी सरळ सोमतीच वाट धरली असती. हेमूक थंय धाडलंय नसतंय."

"मी इलंय होतंय, तात्यानू," मी म्हणाले. "जेटीर. तुमी सगळे बसलेले होतास."

तात्यांनी कलंडलेला तांब्या उचलून उभा केला. बाबा झोपाळ्यावर परत बसले, मी उंबऱ्यावर. खाडीवर भरतीचं पाणी चढत होतं आणि दहावा पाया बाहेर काढायला टगबोटी गरम होत होत्या. त्यांची घरघर ओसरीपर्यंत येत होती, आणि ती ऐकत आम्ही तिघं तसेच बसून राहिलो.